खड्यांच्या गौरी

आई न्यूझीलंडला एकदाच आली. तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत मी तिला एक खोटं बोलायला लावलं. ते सांगायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागेल.

आम्ही ऑकलंडला आलो तेव्हा इथे ओळखीचं कुणीच नव्हतं. नवऱ्याला ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात काम मिळालं होतं आणि मी फार्मसिस्ट म्हणून इथली परीक्षा पास होण्याच्या खटपटीत होते. पहिल्याच हिवाळ्यात एका देशी किराणा दुकानात एका बाईने माझं मराठी ऐकलं आणि मागे वळून म्हणाली, "अय्या, पुण्याच्या का?"

पुण्याची मी नव्हते, अकोल्याची. पण शिकले पुण्यात, त्यामुळे बोलणं तसं झालं होतं. ती हिल्सबरोला राहायची, नवरा डॉक्टर. पुढच्या रविवारी तिने जेवायला बोलावलं, त्याच्या पुढच्या रविवारी तिचा जुना सोफा आमच्याकडे आला. ड्रायव्हिंग टेस्टच्या आधी तिने मला स्वतःची गाडी शिकायला दिली आणि मी गाडीचा आरसा कुणाच्या तरी लेटरबॉक्सवर घासला तेव्हा पोट धरून हसली. परक्या देशात असं माणूस मिळणं किती मोठं असतं, ते एकटं पडलेल्यालाच कळतं. मी तिला वहिनी म्हणू लागले.

पहिल्या गणपतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो. पुरणपोळ्या चालल्या होत्या. लाटता लाटता वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा गं? उभ्याच्या की खड्यांच्या?"

आमच्याकडे गौरी नसतात. गणपतीही नसतो. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव एकदा बाहेर नेले, ते परत आत आले नाहीत. एवढंच सांगायचं होतं. पण स्वयंपाकघरात आणखी तीन बायका होत्या, सगळ्यांचे हात पिठाचे, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "खड्यांच्या."

उभ्याच्या म्हटलं असतं तर मुखवटे, साड्या, नैवेद्य, असे पुढचे प्रश्न आले असते. खड्यांच्या हे लवकर संपेल असं वाटलं. आमचं आडनावही असं, की त्यावरून काही ठरवता येत नाही. त्या आडनावाचा मी त्या दिवशी पहिल्यांदा आडोसा घेतला.

त्यानंतर खोटं बोलावं लागलं नाही, फक्त गप्प राहावं लागलं. फ्लॅट बुश या उपनगरात आम्ही घर घेतलं, चार खोल्यांचं, इतकं नवीन की रस्त्यावर अजून झाडं लागायची होती. आमच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला तो फोटो लागायला हवा होता. कुठल्याही मराठी माणसाला तो ओळखता येतो, म्हणूनच मी तो आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाशेजारी लावला. नवरा म्हणाला, "किती दिवस?" मी म्हणाले, "सांगेन ना वेळ आली की." तो पुन्हा काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचाही मला रागच यायचा.

मग डिसेंबरमध्ये आई आली.

आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. बाबा गेल्यावर एकटीच राहायची, तरी गल्लीतली अर्धी इंजेक्शनं तिच्याच हातची. तरुणपणी एका नर्सिंग हॉस्टेलच्या मेसमध्ये तिच्यासह चार मुलींची पंगत वेगळी बसवत. दुसऱ्या दिवशी आईने आपलं ताट उचललं आणि मधल्या पंगतीत जाऊन बसली. शेजारच्या दोघी उठल्या, ही जेवत राहिली. आठवडाभर तशी जेवली, मग कुणी उठेनासं झालं. ही गोष्ट ऐकत मी मोठी झाले.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने घर पाहिलं. दोन बाथरूम, डबल गॅरेज, माझ्या सात वर्षांच्या मुलीची गुलाबी खोली. आमच्या खोलीत आली आणि फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. मग विचारलं, "फोटो आत काहून ठेवला व?"

"हॉलमध्ये उन्हाने खराब होईल, आई."

तिने पडद्यांकडे पाहिलं.

दोन आठवड्यांनी वहिनींनी मराईताई नावाच्या किनाऱ्यावर बार्बेक्यू ठरवला. त्यांच्या सासूबाईही पुण्याहून आल्या होत्या, तेव्हा दोघी म्हाताऱ्यांची गाठ पडेल म्हणून. त्या सकाळी मी सँडविचेस बांधत होते, आई काकड्या कापत होती. मुलगी फ्रॉकच्या आतून टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून केव्हाची तयार होती. मी आईकडे न बघता म्हणाले, "आई, तिथे नमस्कार म्हण हं. जयभीम नको."

सुरी थांबली. "काहून? त्यायले आवडत नाही का?"

"त्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

मी सँडविचवरचा प्लास्टिकचा कागद नीट करत राहिले. आईने मला वेळ दिला. खूप वेळ दिला, असं आज वाटतं. मग ती म्हणाली, "म्हणजे तू सांगितलं नाही."

"आई, प्लीज."

"बरं," ती म्हणाली आणि उरलेली काकडी कापली.

किनाऱ्यावर पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलली होती. वहिनींनी पुढे होऊन आईला वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "नमस्कार, नमस्कार." घरी ती वऱ्हाडी बोलायची. आज तिने ड्यूटीवर साहेबांशी बोलायची ती शुद्ध मराठी काढली होती. ती ऐकून मला आधी हायसं वाटलं. हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

चटईवर सासूबाई आणि आई शेजारी बसल्या. वहिनी चहा ओतत होत्या. ओतता ओतता म्हणाल्या, "काकू, तुमच्याकडे खड्यांच्या गौरी ना? ही सांगत होती."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाळूत उभी होते, हातात सॉसची बाटली. मी काहीही करू शकले असते. वहिनी, मी खोटं सांगितलं होतं, एवढं म्हणायला दोन सेकंद लागले असते. मी आईकडे नुसती बघत राहिले, आणि मी कशी बघत होते ते मला माहीत आहे.

"हो," आई म्हणाली. "खड्यांच्याच."

"बट वी डोन्ट हॅव गौरी, आजी," माझी मुलगी मध्येच म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीतच यायचं. "मम सेड टुडे यू हॅव टू से नमस्कार ओन्ली."

मग वहिनी मोठ्याने हसल्या. "इथल्या पोरांना काय कळतंय! जा, पाण्यात जा तू."

दुपारी सासूबाई खडकांकडे फिरायला गेल्या. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घसरतात म्हणून हातात धरल्या होत्या, आणि कालवांच्या शिंपल्यावर पाय पडला. तळवा चांगलाच चिरला. डॉक्टर मुलांबरोबर पाण्यात लांब गेले होते. आई चटईवरून उठली ती धावतच गेली. वाळूत बसून तिने तो पाय आपल्या मांडीवर घेतला, बाटलीतल्या पाण्याने धुतला, गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतल्या चिमट्याने शिंपल्याचे दोन कण काढले, दाबून धरलं, पट्टी बांधली. साडी रक्ताने भरली.

"हात हलका आहे हो तुमचा," सासूबाई म्हणाल्या.

"छत्तीस वर्षं हेच केलं."

आईने आपल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. "घ्या, दोन घोट प्या. चक्कर येईल."

"नको, तहान नाही." पाच मिनिटांनी वहिनी आल्या, त्यांनी दिलेलं पाणी सासूबाई प्यायल्या. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही दिसलं नाही. आईला दिसलं असावं. तिने आपला पेला वाळूत ओतला आणि रक्ताचे हात धुवायला समुद्रावर गेली.

त्यानंतर आई आमच्याबरोबर कुठे आली नाही. गाडीत बसायला सांगितलं की म्हणायची, "तुम्ही जाऊन या, मले घरीच बरं." रोज सकाळी ती कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला चालत जायची. तिथला माओरी म्हातारा तिला "किया ओरा" म्हणायचा. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तो काय म्हणते?" मी सांगितलं, त्यांच्यातलं रामराम असतं तसं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला जोरात जयभीम म्हणू लागली. तो हसून तिचेच शब्द परत करायचा. घरी येऊन ती हे मोठ्या आनंदाने सांगायची, आणि मी भांडी घासायला लागायचे.

मार्चमध्ये ती गेली. विमानतळावर रडली नाही. नातीचे मुके घेतले, जावयाला म्हणाली, "हिले सांभाळा, जावईबापू." मला जवळ घेतलं, नेहमीसारखं. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. मी त्यासाठी तयारी करून गेले होते, आणि ती बोलली नाही म्हणून परतीच्या वाटेवर मोटरवेभर माझा हुंदका थांबेना.

दिवाळीत वहिनींकडे गेलो. सासूबाई केव्हाच परत गेल्या होत्या. वहिनी चकल्या काढत होत्या आणि म्हणाल्या, "काकू कशा आहेत? पुन्हा बोलाव ना त्यांना."

मी म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे गौरी नसतात. आम्ही बौद्ध आहोत. मी तेव्हा खोटं सांगितलं."

इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते इतक्या लवकर बोलून झालं. वहिनींनी झारा कढईच्या काठावर ठेवला. "अगं, माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षीपासून. अकोल्याची बाई महालक्ष्म्या म्हणते, गौरी म्हणत नाही. तू तर अडखळलीसही. मला काही फरक पडत नव्हता गं. तुला सांगायचं नाही, तर मी कशाला विचारू?"

मला आधी वाटलं, सुटले. मग एक गोष्ट लक्षात आली. "मग किनाऱ्यावर आईला का विचारलंत?"

त्यांचा चेहरा उतरला. चकल्या करपायला लागल्या तरी हललं कुणी नाही. "सासूबाईंनी विचारायला सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना खात्री करायची होती. मला नाही म्हणता आलं नाही."

म्हणजे त्या चटईवर सगळ्यांना ठाऊक होतं. आई एकटी, माझ्यासाठी, ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांच्यासमोर खोटं बोलली होती. आयुष्यात एकदाही कुणापुढे मान खाली न घातलेली बाई. वहिनींनी माझा हात धरला. मी तो धरू दिला, कारण मी त्यांच्यावर कुठल्या तोंडाने रागावणार होते? त्यांना सासूबाईंना नाही म्हणता आलं नाही आणि मला कुणालाच काही सांगता आलं नाही.

आम्ही अजून भेटतो. पण पूर्वीसारखं पोट धरून हसणं नाही होत.

फोनवर आईला सांगायचा धीर झाला नाही. पुढच्या वर्षी अकोल्याला गेले तेव्हा अंगणात ती मेथी निवडत होती. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, वहिनींना माहीत होतं हेही, सासूबाईंनी विचारायला लावलं हेही. आईने ऐकून घेतलं. आश्चर्य वाटल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर काही आलं नाही.

"मला माफ कर, आई," मी म्हणाले.

ती काड्या बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "मी खोटं बोलली, ते माह्यं मी पाहीन. तुह्यं तू पाहाय."

एवढ्यात समोरची बाई ताप आलेल्या नातीला कडेवर घेऊन फाटकात आली. आई पदराला हात पुसत उठली, पोरीच्या कपाळाला हात लावून तिला आत घेऊन गेली. मी उरलेली मेथी पुढे ओढली.