लार्सनच्या पणजीचा दोर

मी ब्रिटिश आर्मीत अकरा वर्षं काढली. काम ड्रायव्हरचं, शेवटची रँक कॉर्पोरल. आई-बाबा लीड्सला हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांच्याकडे जेवायला येणारी मंडळी मला अफगाणिस्तानबद्दल विचारतात. मी नॉर्थम्बरलंडबद्दल सांगते.

मार्चचा शेवट होता. नॉर्थम्बरलंडमध्ये, स्कॉटलंडच्या सीमेजवळ, दहा दिवसांचा लष्करी सराव. आमच्या लँड रोव्हरमध्ये चौघं: मी, हॅरिस आणि ओवेन हे दोन प्रायव्हेट दर्जाचे शिपाई, आणि सार्जंट लार्सन. लार्सन अमेरिकन, एक्स्चेंजवर आलेला. राहणारा नेब्रास्काचा. उंची सहा फूट चार इंच.

सहाला उठायचं, सातला चहा. चहाबरोबर लार्सनची एक गोष्ट ठरलेली. लढाईची एकही नाही. सगळ्या त्याच्या गावच्या. सपाट गवताळ मुलूख, शेजारी दोन मैलांवर. पणजीचं घर मातीच्या ढेपांचं. "बाहेर एक दिवस पाऊस, घरात तीन दिवस," तो म्हणायचा. पुढे टेलिफोन आला, पण सगळ्यांची तार एकच. एकाचं बोलणं सगळ्या घरांत ऐकू जायचं. एका बाईनं फोनवर बहिणीला केकची कृती सांगितली आणि रविवारी चर्चमध्ये अकरा बायका तोच केक घेऊन आल्या. ओवेन हसता हसता चहा सांडायचा.

आठव्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बर्फ सुरू झाला. वीस मिनिटांत बॉनेट दिसेना. रेडिओ बोलला; टू-वन म्हणजे आमची गाडी, झीरो म्हणजे कंट्रोल.

"टू-वन, झीरो. पुढे जाऊ नका. जवळचा आसरा घ्या. ओव्हर."

पावणेदोनला एका फार्मच्या अंगणात शिरलो. सत्तरीच्या एका बाईंनी दार उघडलं. नाव जीन.

"बरं झालं आलात. जॉर्ज, माझा नवरा, बाहेर आहे."

"कधीपासून?" लार्सननं विचारलं.

"साडेबारापासून. मेंढ्या व्यायल्यात. शेड इथंच, ऐंशी पावलांवर. रेस्क्यूवाल्यांना फोन केला. रस्ता बंद, दोन तास लागतील म्हणाले."

खिडकीतून शेड दिसत नव्हती. काहीच दिसत नव्हतं. हॅरिस दाराकडे धावला. लार्सननं त्याची कॉलर धरली.

"असा गेलास तर मला दोघांना शोधावं लागेल." मग तो माझ्याकडे वळला. "पेठे, दोर किती?"

"दोन, सार्जंट. तीस-तीस मीटर."

जीनबाईंनी कपडे वाळत घालायची दोरी आणून दिली. गाठी मारता मारता लार्सन बोलत होता. "हिवाळाभर पणजीच्या घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला असायचा. धार काढायला जाताना हात दोरावर. एका शेजाऱ्यानं कंटाळा केला. बर्फ वितळल्यावर सापडला, दारापासून वीस पावलांवर."

एवढीच एक गोष्ट त्यानं न हसता सांगितली.

दोराचं टोक स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या लोखंडी कडीला बांधलं. ओवेन दारात उभा राहून पातेलं बडवणार. आम्ही तिघं दोर धरून अंतरा-अंतरावर, दोर ताणून, गोल फिरत जाणार. लार्सन सगळ्यात लांब, मी मधे.

शेड लागली. मेंढ्या होत्या, जॉर्ज नव्हता. तसेच पुढे गेलो. शेजारचा हॅरिस मला दिसत नव्हता. पातेलं मात्र ऐकू येत होतं. मी भ्याले होते, ते इथं नोंदवते.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी माझा बूट कसल्यातरी मऊ गोष्टीला लागला. मेंढी. तिच्यामागे दगडी कुंपणाला टेकून एक म्हातारा बसलेला. पाय मुरगळलेला. कोटाच्या आत दोन कोकरं. ठरल्याप्रमाणे मी दोराला तीन झटके दिले. त्यानं डोळे उघडले.

"गेट लावलंत का?"

लार्सननं त्याला खांद्यावर घेतलं. कोकरं मी घेतली. मेंढी आपणहून मागे आली.

स्वयंपाकघरात जीनबाई दोन मिनिटं आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग सँडविच करायला लागल्या. कोकरं कोमट ओव्हनच्या उघड्या दारापाशी. मी रेडिओ घेतला.

"झीरो, टू-वन. बेपत्ता सिव्हिलियन सापडला. सुखरूप. दोन कोकरंही. ओव्हर."

खरखर.

"टू-वन, कोकरं हा कोड वर्ड आहे का? ओव्हर."

"नाही. कोकरं म्हणजे कोकरंच. आउट."

जॉर्जसकट सगळं स्वयंपाकघर हसलं.

दोन वर्षांनी लार्सन त्याच्या तुकडीबरोबर परदेशी असताना हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. मी त्याच्या आईला फोन केला. म्हटलं, "तो सगळ्यांना हसवायचा." त्या म्हणाल्या, "मग ही ऐक." पहिल्या सुट्टीवर तो पूर्ण युनिफॉर्ममध्ये घरी आला तेव्हा त्यांच्या पाळीव हंसांनी त्याला ओळखलं नाही, सगळे अंगावर धावून आले. चाळीस मिनिटं तो पिकअपच्या टपावर उभा होता, मदतीला हाका मारत. आम्ही दोघी फोनवर हसत राहिलो, मग रडलो, मग पुन्हा हसलो.

दर नोव्हेंबरात रिमेम्ब्रन्स संडेला, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी, मी मेडल्स लावून लीड्सच्या स्मारकापाशी उभी राहते. अकरा वाजता दोन मिनिटांची शांतता. मी अटेन्शनमध्ये असते. लार्सन पिकअपच्या टपावर असतो. हसू आवरायचं, एवढीच ड्यूटी. आजवर एकदाही जमलेली नाही.