दिलशादच्या फोटोला हार

बाळू,

संपाच्या दुसऱ्या वर्षी मी मस्कतला निघालो तेव्हा तू शाळेत होतास. माझी पत्र्याची पेटी लालबागच्या आपल्या खोलीतून तात्यांनीच खाली आणली. साच्यांवर कापड विणत वीस वर्षं काढलेला माणूस. गिरणी बंद पडल्यापासून हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. "वायरमनचं काम चोख कर," एवढंच म्हणाले. आई दारात उभी राहिली. ती रडली नाही याचा मला राग आला होता.

परवा तुझा फोन आला. चाळ पाडून टॉवर होतोय, सगळ्यांनी सह्या केल्या, आई तेवढी हटून बसलीय, दादा तूच तिला समजाव. समजावणार होतो. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण मधेच माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगतो.

गेल्या वर्षीपासून मी इराकच्या उत्तरेला, कुर्दांच्या मुलखात, सबस्टेशनच्या साइटवर आहे. कॅम्पला लागूनच एक गाव आहे. मी मस्कतला पोट भरत होतो त्याच काळात इराकच्याच सरकारनं अशी गावंच्या गावं संपवली. अन्फाल म्हणतात त्याला. कुठं विषारी वायू सोडला, कुठं घरांवर बुलडोझर घातला. पुरुषांना ट्रकांत कोंबून दक्षिणेच्या वाळवंटात नेलं, गोळ्या घातल्या आणि तिथंच पुरलं. मी तेव्हा रेडिओवर क्रिकेट ऐकत होतो. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं, याची आज लाज वाटते.

आम्हाला रोट्या भाजून देणाऱ्या नसरीनबाईंचा नवरा, दिलशाद, अशाच एका ट्रकातून गेला. दरवर्षी एप्रिलात गावातल्या बाया आपापल्या माणसांचे फोटो छातीशी धरून चौकात उभ्या राहतात. आपणही काहीतरी करावं असं मला वाटलं. संपात आई दादरहून फुलं आणून गजरे विकायची, ती गाठ माझ्या बोटांत अजून आहे. आदल्या दिवशी मी चांगला भरगच्च हार गुंफला आणि त्यांच्या भिंतीवरच्या दिलशादच्या फोटोला घातला. तात्या गेले तेव्हा मला येता आलं नव्हतं. तू पाठवलेला, हार घातलेला फोटो हातात आला, तेव्हा कुठं मला ते पटलं आणि मी रडून घेतलं. बाईंनाही तसंच मोकळं वाटेल, असा माझा हिशेब.

बाईंना हार आवडला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे हा कधी घालतात? मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगून टाकलं. त्या उठल्या, हार न तोडता अलगद काढला आणि माझ्या हातात दिला.

"हाडं मिळालेली नाहीत," त्या म्हणाल्या. "मी त्याला मेला म्हणणार नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी त्यांनी चहा ठेवलाच. विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, मुलगी शहरात बोलावतेय तर जात का नाही? गाव पाडल्यावर काही वर्षांनी परत येऊन त्यांनी जुन्या जोत्यावरच दोन खोल्या बांधल्यात, दारही त्याच बाजूला ठेवलंय.

"तो आला तर मला कुठं शोधील?"

बाळू, हे मी आधी ऐकलंय. डोंबिवलीला फ्लॅट घेऊ म्हटलं तेव्हा आई म्हणाली होती, "झिला, तू इलंस तर खंय येतलंस?" मी हसलो होतो.

त्यांचं दुःख आणि आपलं एका तागडीत घालायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. आपली गिरणी गेली. त्यांची माणसं मारली. दिलशाद येणार नाही, हे बाईंनाही आतून ठाऊक असावं. मला मात्र कुणी अडवलेलं नाही. सात वर्षं मी घरी आलेलो नाही, रजा आली की साइटच्या कामाची सबब पुढे करतो. आई त्या खोलीत माझी वाट बघत बसलीय, आणि मी तिला तीच खोली सोड म्हणणार होतो.

रजेचा अर्ज आज टाकलाय. मी येईपर्यंत तिच्यापुढे कागद ठेवू नकोस.