काहून आला गा?

आमच्या ऑफिसात केलेलं काम सेव्ह करायचं लोक विसरतात, किस्से मात्र आपोआप सेव्ह होतात. एक सांगायले बसलं की मागून दुसरा येते आणि तिसरा त्याच्या खांद्यावरून डोकावते. त्यातले निम्मे शैलेशचे आहेत, म्हणून मी सहसा सांगत नाही. आज तुम्ही चहा पाजून राहिले, तर ऐका.

हुडकेश्वरले एका साड्यांच्या दुकानाच्या वरती आमचं ऑफिस आहे. आम्ही सहा-सात जण मिळून कॉम्प्युटरवरचा एक गेम बनवून राहिलो. मोठं मोकळं जग आहे, त्यात वावरं, नाले, गावं. खेळणाऱ्यानं पाहिजे तिकडं फिरावं, लढावं, आणि लढता लढता त्याची लेव्हल वाढत जावी. समोर येणारा शत्रू किती भारी ठेवायचा, हे ठरवायचं काम दोघांकडं: मी आणि शैलेश.

वंदना मॅडम आमच्या मालकीण. त्या सुरुवातीलेच बोलून बसल्या होत्या, "गेम बाहेर पडायच्या आधी तुमच्या दोघांतल्या एकाले टीमचा लीड करीन." मले लीड व्हायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. तेव्हापासून गेममधले शत्रू राहिले बाजूले, मले शैलेशच दिसायले लागला. जळत होतो मी. उगाच गोड कायले बोलू?

*

शत्रू दिसला की त्याच्या डोक्यावर एक पट्टी येते, फारच भारी असला तर लाल. तो आपल्याले झेपेल की नाही, हे त्या पट्टीवरून कळलं पाहिजे. मी दोन दिवस डोकं खाजवून नावं काढली: सोपा, मध्यम, कठीण, अतिकठीण. मीटिंगमध्ये वाचली.

रुचा आमच्याकडं चित्रं काढते. ती म्हणाली, "दहावीचा पेपर आहे का गा हा?"

शैलेश नरखेडकडचा. घरची संत्र्याची बाग आहे, त्यामुळं याच्या टेबलावर कायम संत्री आणि टेबलाभोवती कायम माणसं. तोंडात संत्र्याची फोड होती, तसाच बोलला, "हलका असला तर 'चिल्लर'. बरोबरीचा असला तर 'पाहून घेऊ'. आणि आपल्यापेक्षा पाच लेव्हल वर असला..." त्यानं बी हातात काढली. "तर 'काहून आला गा?'"

मॅडमले हसता हसता चष्मा काढून ठेवा लागला. मी म्हणालो, "थांबा, आधी गणित करू. लाल पट्टीत एवढी अक्षरं मावतील का?"

मावली.

*

मग काय, त्या पट्ट्या गेममधून निघून ऑफिसभर फिरायले लागल्या. जिन्यावर घरमालक दिसला की कोणीतरी हळूच म्हणे, "पाहून घेऊ." मॅडमच्या सासूबाई दारात आल्या की सगळे माना खाली घालून एकसाथ पुटपुटत, "काहून आल्या वं?" सासूबाईंले वाटे, पोट्टे श्लोक म्हणून राहिले. त्या खुश होत.

एका सकाळी मी आत शिरलो. चौकड्याचा शर्ट, नेहमीसारखी एकच बाही वर केलेली. लहानपणापासूनची सवय आहे, दुसरी बाही माझ्याच्यानं टिकत नाही. रुचा मान वर न करता म्हणाली, "चिल्लर."

ती म्हणते, मी स्क्रीनवरच्या डुकराले म्हणाले. मी अजून मानलं नाही.

*

आता बकरीचं सांगून टाकतो, नाही तर तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकाल.

माझं मत सरळ होतं. खेळणारा वाढला की शत्रूही त्याच्यासोबत वाढला पाहिजे, नाही तर लढाईत मजा काय? शैलेश म्हणे, "वाघ वाघ असते गा. तुही लेव्हल पाहून तो लहान-मोठा होत नाही." मॅडमनं सांगितलं, दोघंही आपापल्या भागात करून दाखवा.

मी माझ्या भागात सगळ्या प्राण्यांले वाढायले लावलं, तेही खेळणाऱ्याच्या दुप्पट वेगानं. सगळ्या प्राण्यांत बकऱ्याही आल्या, हे काही ध्यानात आलं नाही.

मॅडमचे सासरे, आबाजी, रिटायर्ड मास्तर. आमच्यासाठी ते हौसेनं गेम खेळून पाहतात. त्यांनी गेममधल्या आपल्या गड्याले खाऊपिऊ घालून वाढवावं तसं वाढवलं होतं. अंगात चिलखत, हातात ही एवढी तलवार. मग त्यांले वाटलं, सुरुवातीच्या गावात एक चक्कर मारावी, लोकांनी पाहावं. वाटेत एका बकरीले पाय लागला.

बकरीनं एकच धडक दिली. गडी आडवा.

आबाजींनी डोळे बारीक करून बकरीच्या डोक्यावरची लाल पट्टी वाचली. "मलेच विचारून राहिली," ते म्हणाले, "काहून आला गा!"

ऑफिस हसून हसून लोळलं. एकटा शैलेश हसला नाही. "आमच्या गावात आहे एक अशी बकरी," तो अगदी मनापासून म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं, मले भांडता तरी आलं असतं.

*

शैलेशनं त्याच्या भागात विहिरीजवळ एक वाघ ठेवला. त्याची लेव्हल पक्की. नवा खेळणारा गेला की एका पंज्यात खलास. मग तो पळते, दुसरीकडं लढून मोठा होते, आणि महिन्याभरानं परत येऊन हिशोब चुकता करते. आबाजींनी त्या वाघाले मारलं त्या दिवशी शेजाऱ्यांले बोलावून पुन्हा मारून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "याले म्हणतात वैर!"

मी तो वाघ घरी घेऊन गेलो, चुका काढायले. माझी बायको मंजिरी चहा घेऊन आली.

"काम करून राहिला का खेळून राहिला?"

"काम."

"मग हसून काहून राहिला?"

चूक सापडली एक. वाघाची सावली उन्हाच्या उलट बाजूले पडायले पाहिजे, ती उन्हाकडंच पडत होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितली. ती सावली रुचानं काढली होती. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि शैलेशनं मात्र माझे आभार मानले.

*

एकदा आवाज रेकॉर्ड करायले सगळे एसटीनं शैलेशच्या गावी गेलो. मोटरपंपाचा आवाज, पाखरांचा, बागेत पाण्याचा. मी मनात म्हटलं, बरं झालं, गावात तरी याची किंमत कळेल. गावात तर काय, बसस्टँडपासून घरापर्यंत जो तो "शैलेश भाऊ, शैलेश भाऊ". खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत मी वीस वर्षं राहिलो, तिथं मले अजून "क्वार्टरवाल्या साहेबांचा पोट्टा" म्हणतात.

त्याच्या आईनं सगळ्यांले वाढलं आणि माझ्यापाशी येऊन थांबली. "तूच का अविनाश? हा घरी आला का तुहंच सांगत राहते."

भाकर तोंडातच राहिली. म्हणजे बकरी नरखेडपर्यंत पोहोचली होती.

*

शेवटी मॅडमनं लीडचं नाव सांगितलं. शैलेश.

संत्रा बर्फी वाटली. मी पण खाल्ली, छान आहे म्हणालो. त्यावर कडी म्हणजे, ज्यानं बनवलं त्यानंच तपासायचं नाही असा नियम आहे. म्हणून शैलेशचा भाग शेवटचा तपासायचं काम माझ्याकडंच आलं. मी खुर्ची ओढली. म्हटलं, आता एक चूक सोडत नाही.

वाघ पाहिला, चोर पाहिले, माकडं पाहिली. सगळ्यांची लेव्हल पक्की, कोणी खेळणाऱ्यासोबत वाढत नाही. मग संत्र्याच्या बागेत शिरलो, तर फाटकाशी एक राखणदार उभा. डोक्यावर लाल पट्टी: काहून आला गा? दोन फटक्यांत मेलो.

बाहेर जाऊन भरपूर लढलो, लेव्हल वाढवून आलो. पट्टी लालच. पुन्हा गेलो, वाघाले मारलं, आणखी मोठा होऊन आलो. लालच. मी जरा जवळ जाऊन पाहिलं. चौकड्याचा शर्ट होता. एकच बाही वर केलेली. मी तलवार उचलली तसा तो हात वर करून म्हणाला, "थांबा, आधी गणित करू."

मी शैलेशले बोलावलं. "हा एकटाच काहून वाढून राहिला?"

"खेळणाऱ्यापेक्षा पाच वर ठेवला आहे. कायम."

"कमी कर. याले कोणीच हरवू शकणार नाही."

शैलेश संत्रं सोलत होता. त्यानं अर्धं माझ्यासमोर ठेवलं.

"बरोबरीचा करून पाहिला होता गा," तो म्हणाला. "पण मग तो तू वाटत नव्हता."