मंदाचं म्हणणं

पडद्यावर एक हिरवा ठिपका थरथरत होता. बाहेर ऊन रणरणत होतं, अंगणातल्या बराखीत साठवलेल्या कांद्याचा उग्र, काहीसा गोडसर दर्प घरभर भरून राहिला होता, आणि आम्ही सारे श्वास रोखून त्या ठिपक्याकडं पाहत होतो. पाण्यावर टेकावं की नाही अशा संभ्रमातल्या चतुरासारखा तो क्षणभर एका जागी ठरायचा, की झटकन दुसरीकडं. तो ठिपका म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची नजर होती. नजरेला कधी रंग असतो का? ती डोळ्यांतून निघून अशी उघड्यावर, चारचौघांत फिरताना कुणी पाहिली आहे का? मी पाहिली, लोणी गावातल्या माझ्या माहेरी, भर दुपारी.

मंदा आता चाळिशी ओलांडून गेली आहे. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली आणि हात, पाय, मान, जीभ यांतलं काहीच कधी तिच्या आज्ञेत आलं नाही. आमचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, वडिलांनी जमिनीत पाय रोवले, दादा कांदा पिकवतो आणि हौसेपुरती चार मेंढरं दारात ठेवतो. या साऱ्या काळात मंदा मात्र ओसरीवरच्या खाटेवर पडून राहिली. आई होती तोवर ती म्हणायची की पोरीला सगळं कळतं. आम्ही मान डोलवायचो. आईचं मन, दुसरं काय! आई गेल्यावर मंदाला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हे सगळं वहिनीनं केलं. अलीकडं तिची कंबर साथ देईनाशी झाली. मी जुन्नरला असते, शाळेतून निवृत्त झालेली, यजमान गेलेले, मुलगा पुण्यात. घर मोकळं आणि मीही मोकळी. म्हणून मीच ठरवलं की मंदाला आता माझ्याकडं न्यायचं. दादानं आढेवेढे घेत होकार दिला, वहिनी उठून मंदाची कूस बदलायला गेली. मंदाला विचारलं का? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला प्रश्न विचारायचा नसतो, असा एक अलिखित नियम जणू आपण सगळेच पाळत असतो.

हा नियम मोडला दादाच्या लेकीनं, ऐश्वर्यानं. ती अवसरीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मिळालेलं एक यंत्र ती घरी घेऊन आली आणि मला म्हणाली की आत्या, न्यायचं तर ने, पण आधी एकदा मला मंदाआत्याचे डोळे वाचू दे.

यंत्र तरी केवढं? लॅपटॉपच्या पडद्याखाली चिकटवलेली वीतभर काळी पट्टी. तिच्यातले दिवे आपल्याला न दिसणारा प्रकाश सोडतात, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तसला. तो डोळ्यावर पडला की बुबुळावर एक बारीक चकाकी उमटते. डोळा फिरला की बाहुली सरकते, चकाकी मात्र जवळजवळ जागच्या जागीच राहते. या दोघींमधलं अंतर कॅमेरा अखंड मोजत राहतो आणि त्यावरून माणूस पडद्यावर नेमकं कुठं पाहतोय हे ताडतो. मी थक्क झाले. आयुष्यभर ऐकत आले की डोळे मनाचा आरसा असतात. इथं कुणीतरी त्या आरशावरचा कवडसा खरोखरच मोजायला बसलं होतं!

पण पहिली दुपार वाया गेली. ओसरीच्या उघड्या बाजूनं येणाऱ्या उन्हातही तोच अदृश्य प्रकाश असतो, त्यानं यंत्र दिपून जायचं. दादानं तिथं घोंगडी टांगली. मंदाचा डावा डोळा तिरळा, म्हणून ऐश्वर्यानं यंत्राला फक्त उजवा डोळा पाहायला सांगितलं. मान झटका खायची, म्हणून वहिनी मागं बसून दोन्ही हातांनी ती सावरू लागली. मग जुळवणी. प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून यंत्राला आधी त्याची ओळख करून द्यावी लागते. पडद्याच्या कोपऱ्यांत आणि मध्ये ठिपके येतात, त्यांच्याकडं पाहायचं. मंदा पाहीना. कोरड्या ठिपक्याकडं कुणी का पाहावं? ऐश्वर्या अंगणात गेली, आमच्याच कोकराचा मोबाइलवर फोटो काढून आणला आणि ठिपक्याच्या जागी बसवला. कोकरू कोपऱ्यात उमटलं, आणि मंदाची नजर तिथं जाऊन थांबली.

मला वाटायचं नजर ओढ्याच्या पाण्यासारखी वाहते. तसं मुळीच नाही. ती उडी मारते, टेकते, पुन्हा उडी मारते, आणि उडीच्या त्या निमिषात आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नसतं. मुलांना ओळीखाली बोट धरून वाचायला शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि डोळा ओळीवरून चालत नाही, टणाटण उड्या मारत जातो, हे मला आत्ता कळत होतं. या वयात असं काही कळलं की अंगावर रोमांच उभे राहतात.

ऐश्वर्यानं चार चित्रं मांडली आणि एकेकाचं नाव घेतलं. भाकरी म्हटलं की ठिपका भाकरीवर, मेंढरू म्हटलं की मेंढरावर.

"योगायोग असंल," दादा म्हणाला. "डोळा काय, कुठंबी जातोय."

तिनं चित्रांच्या जागा बदलल्या. ज्याचं नाव घेतलं त्या चित्रामागोमाग ठिपका गेला. पुन्हा बदलल्या, पुन्हा गेला. दादा उठून ओसरीच्या खांबापाशी आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. तिच्या खाटेशेजारी बसून आम्ही इतकी वर्षं काय काय बोललो होतो ते आठवत असावा. मीही आठवत होते.

पुढं शब्दांचा फळा आला. चित्रांचे आणि घरच्यांच्या फोटोंचे चौकोन, ज्यावर नजर ठरेल तो शब्द यंत्र मोठ्यानं म्हणणार. सुरुवातीला त्याची नुसती बडबड झाली, कारण डोळा जिथं जाईल ते सगळंच ते बोलू लागलं. मग ऐश्वर्यानं थांबण्याचा अवधी वाढवला. नुसतं दिसलं तर गप्प राहायचं, नजर थांबली तरच बोलायचं. म्हणजे पाहणं आणि म्हणणं यांत एवढंच अंतर असतं! नजर थोडी अधिक रेंगाळली की पाहण्याचं म्हणणं होतं.

मंदानं पहिला शब्द उच्चारला तो 'टीव्ही', आणि लगेच दुसरा 'बंद'. तिला सोबत म्हणून वहिनी वर्षानुवर्षं दिवसभर टीव्ही लावून ठेवायची. आत्ताही तो चालूच होता. वहिनीनं हात लांबवून बटण दाबलं, आणि घरात पसरलेल्या शांततेत आधी तीच हसू लागली. मंदानं किती सोसलं, असं म्हणत दादाही हसला.

मंदानं राहायचं कुठं, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता. मीच म्हणाले की तिला विचारू या. पडद्यावर एका बाजूला माझं जुन्नरचं घर, दुसऱ्या बाजूला हे. ऐश्वर्यानं प्रश्न सावकाश, दोनदा सांगितला. ठिपका माझ्या घरावर गेला, रेंगाळला, आणि उडी मारून लोणीवर जाऊन बसला. एकाच बाजूला पाहायची सवय असेल म्हणून बाजू बदलल्या. ठिपका लोणीबरोबर गेला. खोटं कशाला सांगू, मला लागलं. का, असं मी विचारलं, तेव्हा फळ्यावरच्या सगळ्या चेहऱ्यांमधून तिनं वहिनीचा चेहरा निवडला. मागं मान धरून बसलेल्या वहिनीला यंत्रातून आपलंच नाव ऐकू आलं. तिचे हात मंदाच्या केसांवरून फिरत राहिले.

आम्ही यंत्र आवरणार, तोच नजर पुन्हा फळ्यावर गेली. अगदी खालच्या कोपऱ्यात ऐश्वर्यानं एक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, नुसतं जागा भरायला. मंदाची नजर त्यावर थांबली. "विचारायचंय," यंत्र म्हणालं. मग माझा फोटो: "ताई." मग या घराचा: "लोणी."

आम्ही एकमेकांकडं पाहू लागलो. कळलं ते वहिनीला.

"वन्सं, ती इचारतीय, तुमी राहताल का हितं."

मंदाला घर हवं म्हणून मी तिला न्यायला निघाले होते. मोकळं घर माझं होतं, हे खाटेवरून तिला दिसलं होतं! वर्गात आयुष्यभर चाललेली माझी जीभ ऐन वेळी टाळूला चिकटली. बोलवेना, म्हणून मी तिच्या शेजारी सरकले आणि तिच्यासारखीच 'हो'च्या चौकोनावर नजर रोखली. पण यंत्र जुळवलेलं तिच्या डोळ्याला. माझा ठिपका भलतीकडंच जाऊन बसला.

"भूक," यंत्र खणखणीत म्हणालं.

मंदा हसली. तिचं हसू ओठांपुरतं नसतं, सारं अंग थरथरतं, खाट करकरते. ऐश्वर्या हसता हसता जमिनीवर बसली. आणि त्या गलक्यात मला माझी जीभ सापडली.

"हो," मी म्हणाले, "राहते."

वहिनी दुखऱ्या कमरेवर हात ठेवून भाकरी टाकायला उठू लागली. मी तिला खाली बसवलं, आणि पिठाचा डबा कुठं असतो ते विचारत आत गेले.