नव्या डिस्कची आंघोळ

गाडी चालवणारे गल्लोगल्ली भेटतात. गाडी थांबवणारा माणूस मात्र नांदेडपासून लातूरपर्यंत एकच आहे, आणि तो नशिबाने माझा साडू आहे. "गाडी काय, ढकलली तरी पळती. थांबली पाहिजे!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. लोह्याच्या शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, नांदेडला घर बांधलं आणि एक जुनी चारचाकी घेऊन तिचे असे लाड करू लागले, की आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, त्या गाडीला सवत म्हणते. पुढच्या वळणावरची म्हैस साडूंना तिच्या मालकाआधी दिसते आणि तिथूनच त्यांचा पाय ब्रेककडे निघतो. हॉर्न ते सहसा वाजवत नाहीत. "हॉर्न म्हंजे दुसऱ्याला सांगणं, की बाबा तूच थांब, मला जमत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासोबत निघालं की माणूस उशिरा पोचतो, पण शाबूत पोचतो.

दुसरं वेड नव्या वस्तूंचं. नवं म्हणजे स्वच्छ, यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "दुकानात कोणाकोणाचे हात लागले असतेत, साडूभाऊ!" असं म्हणून ते घरात आलेली प्रत्येक चीज आधी मोरीत नेतात. नवा शर्ट धुतल्याशिवाय घालत नाहीत, हे एक वेळ ठीक. पण एकदा भर पावसाळ्यात त्यांनी नवी छत्री साबणाने धुतली, सावलीत वाळत घातली आणि स्वतः भिजत बाजारात गेले. "मलाच तेवढं कसं धुऊन घेतलं न्हाई, कोण जाणे," असं आक्का म्हणाली, तर साडू म्हणतात, "हळद लावून आंघोळ घातली होती की तुला!"

यंदा मात्र या दोन्ही वेडांची गाठ पडली. त्यांची एकुलती लेक लातूरला दिलेली. पहिल्या खेपेला तिच्या पोटातलं राहिलं नाही. त्या वर्षी साडूंनी गाडी जवळजवळ झाकूनच ठेवली होती. आता पुन्हा तिला दिवस गेले होते. डॉक्टरांनी माहेरी न्यायला परवानगी दिली, पण धक्का बसता कामा नये, असं बजावलं. आणि नेमकी गाडी ब्रेक दाबला की थरथरायला लागली. चाकामागे जी लोखंडी थाळी असते, जिला दोन्ही बाजूंनी चिमटून गाडी थांबते, ती डिस्क झिजली होती. साडूंनी नव्या डिस्क आणल्या.

नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून कारखान्यातूनच तेलाचा हात दिलेला असतो. तो काढल्याशिवाय त्या बसवायच्या नसतात, नाहीतर ब्रेक धरत नाही. म्हणजे साडूंचं वेड आणि शास्त्र आयुष्यात पहिल्यांदा एका रस्त्याला लागलं! त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. कढत पाणी, कपड्यांची पावडर, ब्रश. घासून घासून डिस्क चकचकीत केल्या, लगेच कोरड्या केल्या, वर उरलंसुरलं तेल उडवणारा बाटलीतला फवारा मारला. मग देवघरापुढच्या चौरंगावर पांढरा पंचा अंथरून त्यावर त्या मांडल्या आणि "कोणी बोट लावायचं न्हाई" असं घराला बजावून आम्ही दोघं मिस्त्रीला बोलवायला गेलो.

परत येऊन बघतो तर प्रत्येक डिस्कवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट, आणि कुंकू चिकटावं म्हणून खाली साजूक तूप.

"अगं, हे काय करून ठेवलंस!" साडू ओरडलेच.

"लेकरू आणायला जायचं हाय ह्याच्यावर," आक्का म्हणाली. "आंघोळ घातली, चौरंगावर बसवलं, मग तसंच बोडकं पाठवू का?"

चूक तिची तरी कशी म्हणावी? असा थाट बघून आमच्याकडची कोणतीही बाई करंडा घेऊनच आली असती.

"पुसावं लागंल," साडू म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांनाच तो शब्द लागला. आक्काचे डोळे भरले. "लेकीच्या नावाचं कुंकू हाय. पुसू नका हो," एवढंच ती म्हणाली. उभ्या घराला धारेवर धरणारा हा माणूस तिच्यासमोर खाली बसला. त्यांनी एक डिस्क मांडीवर घेतली आणि वर्गात समजावत असतील तसं समजावू लागले.

"हे बघ, ही बाहेरची गोल जागा ब्रेकची. हितं तुपाचा ठिपका बी चालत न्हाई. गाडी घसरंल. आन् हा मधला उंचवटा. ह्याच्या कडंला ब्रेक पोचतच न्हाई. ही जागा तुझी."

"चाक बसल्यावर दिसंल का?"

"न्हाई दिसायचं."

"न दिसंना. असलं म्हंजे झालं."

आक्काने आपल्या बोटाने कुंकू उचललं आणि तुळशीत वाहिलं. साडूंनी डिस्कना पुन्हा आंघोळ घातली. वाळल्यावर आक्काने त्या मधल्या उंचवट्याच्या कडेला चिमूट चिमूट कोरडं कुंकू लावलं. मिस्त्री कामाला बसला तर साडू विचारतात, "हात धुतले का?" तो म्हणाला, "सर, डिस्क हाय, प्रसाद न्हाई." मग ते कुंकू दिसलं आणि तो गुमान उठून हात धुऊन आला.

नव्या डिस्कला आधी सवय लावावी लागते. गाडी वेगात न्यायची, हलकेच मंद करायची, पुन्हा न्यायची. त्यासाठी विष्णुपुरीच्या रस्त्याला आमची यात्रा निघाली. मला मागच्या सीटवर बसवून मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या दिला. पाणी सांडलं की साडू आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाई." माझी विजार ओलीचिंब झाली, रस्त्यावरचे लोक हसले, पण मी तांब्या सोडला नाही. त्या जागेवर कोण बसणार आहे, हे मला ठाऊक होतं. शेवटी एकदाचं पाणी जागच्या जागी राहिलं, तेव्हा कुठे साडूंनी घाम पुसला.

लातूरहून निघालो तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो आणि लेक मागे. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. नांदेडला दुपारी गाडी दारात उभी राहिली ती इतकी अलगद, की थांबली हे मलाही कळलं नाही. आक्का भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर आली होती. मी दार उघडायला हात घातला, तर साडूंनी माझं मनगट धरलं. मागे लेक पोटावर दोन्ही हात ठेवून गाढ झोपली होती.

"झोपू द्या," ते पुटपुटले. "लई दिसांनी अशी झोपली माय माझी."

"गाडी तर बंद करा," मी म्हणालो.

"हिसका बसंल. ऱ्हाऊ द्या. पाय हाय माझा ब्रेकवर."

आक्का उन्हात तशीच उभी राहिली, आणि आम्ही दोघं समोर बघत बसून राहिलो.