ब्राउझर का नाही?

हे बाहेर सांगू नकोस, असं दादानं मला दोनदा बजावलंय. पण दर रविवारी आमच्या माडीवर लिनक्सवाल्यांची बैठक भरते, चहा मी नेते आणि दर वेळी एखादा किस्सा घेऊनच खाली येते. आता ते माझ्याच्यानं साठवून ठेववत नाहीत.

बैठकीत बोलणारे तिघंच. कॉम्प्युटर क्लासचे सर, माझा दादा आणि शिराळ्याहून येणारा शिवादादा. साताऱ्यातल्या शाळांना वाटायला ते लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या, कोड सगळ्यांना खुला असलेल्या सिस्टिमची सीडी करत होते. वाद एकच, तिच्यावर ब्राउझर घालायचा की नाही.

"आवं सर, फुकट हाय की त्यो," शिवादादा म्हणाला.

"फुकट असेल. आतला कोड बघता येतो का? बदलता येतो का? मग आपल्या सीडीवर नको."

"माज्या स्कूटरचं इंजिन कंपनीनं मला कुठं दावलंय? म्हणून शिराळ्यास्नं चालत येऊ व्हय?"

सर पुढचे दोन रविवार त्याच्याशी बोलले नाहीत.

*

सीडीवरची मराठी मदत मी लिहिली. सगळी वेब पानं. मराठी फाँट धड दिसेना, तेव्हा ओळ न् ओळ चित्र करून बसवली. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. आमच्या शाळेतल्या मुलींना इंग्रजी मेनू बघूनच घाम फुटतो, त्यांच्यासाठी.

सरांनी शेवटी आणखी एक पान करायला लावलं: 'ब्राउझर का नाही?'

मी धीर करून विचारलं, "सर, मग ही पानं उघडायची कशात?"

"मेंबर बोलतील," सर म्हणाले. "आणि साखर कमी आहे गं."

*

सरांच्या क्लासमधल्या मशीनवर तोच ब्राउझर आहे. शिवादादानं तोंडावर विचारलं.

"ते माझं खासगी मशीन आहे. तत्त्व वाटपाला लागू होतं."

त्या ब्राउझरची सीडी त्यांच्या बॅगेत असते. पुढच्या कप्प्यात.

*

मग ब्राउझर हवा म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगून मतं घेतली. शिवादादाचा हात वर. दादाचा खांद्यापर्यंत आला, तेवढ्यात सरांनी पाहिलं. दादानं त्याच हातानं भांग सारखा केला.

मी दारात ट्रे धरून उभी. माझे दोन्ही हात अडकलेले.

"ब्राउझर नाही. ठराव मंजूर," सर म्हणाले. सरांपेक्षा जास्त राग मला त्या भांगाचा आला.

*

सीडीचा पहिला कार्यक्रम आमच्याच शाळेत झाला. सरांनी भाषण केलं आणि मदतीच्या पानावर क्लिक केलं. काही नाही. पुन्हा केलं.

"उघडत का नाही?" मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं.

"त्याला ब्राउझर लागतो."

"मग द्यायचा होता."

"मुद्दामच दिलेला नाही, बाई."

"का?"

"ते त्या पानातच सविस्तर लिहिलंय."

मुली हसल्या. मला हसू आलं नाही. दादा जमिनीकडे बघत होता. सरांची बॅग माझ्याच खुर्चीला टेकलेली होती. मी उठले, पुढच्या कप्प्यात हात घातला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, ही तुमची खासगी सीडी—

थांबा, उरलेलं नंतर सांगते, आई खालून हाक मारतेय. सर आलेत, चहा टाक म्हणते.