अर्धा तास पाणी चालत नाही

तात्यांचे दात आंबटाने झिजलेत, एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या रविवारी आमच्या घरात जो तमाशा झाला तो झाला नसता.

मी बारामतीत नोकरीला होते आणि तिथेच भेटलेल्या मुलाशी लग्न करायचं म्हणून हटून बसले होते. तो सांगवीच्या बागायतदार मराठ्यांच्या घरचा. आम्ही वालचंदनगरच्या क्वार्टरमधले, पणजोबांपासून बौद्ध. त्याच्या घरी शेवटचा शब्द थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. त्यांनी बरेच महिने आढेवेढे घेतले आणि अखेर ‘घर बघून येतो’ म्हणाले.

पप्पांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. काचेचे नवे ग्लास आणले आणि ते पुन्हा पुन्हा धुतले. आई जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणून इंदापूरहून आत्याला बोलावलं. पाहुण्यांशी गोड बोलणं तिलाच जमतं, असा पप्पांचा समज. तिला ते मुळीच जमत नाही.

तात्या, मुलाची आई आणि तो, असे तिघे आले. पप्पांनी स्वतः ट्रेमधून पाणी पुढे केलं. तात्यांनी ग्लासांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि हात आडवा हलवला. थोरल्यांनी घेतलं नाही म्हटल्यावर त्याच्या आईनेही पुढे केलेला हात मागे घेतला.

तात्या बोलेनातही. त्यांनी आपल्या तोंडाकडे बोट केलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि पुन्हा हात हलवला. आत्या माझ्या कानात कुजबुजली. तिची कुजबूज शेजारच्या क्वार्टरमध्येसुद्धा ऐकू जाते.

“म्हणत्यात, तोंडाला लावणार न्हाय, आन् बसायला येळबी न्हाय.”

“तसं नाही हो,” तो घाईघाईने म्हणाला. “तात्यांनी दातांचं औषध घेतलंय. अर्धा तास त्यांना पाणी चालत नाही.”

‘पाणी चालत नाही’ हे आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. दातांचं कारण तेवढं नवीन होतं.

“दाताचं व्हय?” आत्या म्हणाली. “आमच्या आज्याच्या येळंला इटाळ म्हनायचे.”

त्याची आई कानकोंडी झाली आणि तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. तात्यांना लिंबाचा भारी नाद. भाकरीबरोबर लिंबू, चहात लिंबू, आणि येता-जाता मीठ लावून नुसतं लिंबू. त्या आंबटाने दातांवरचं कवच विरघळत गेलं, नुसता गार वारा लागला तरी कळ यायची. बारामतीच्या डॉक्टरांनी फ्लोराइडचं औषध दिलं. चूळ भरायची, खळखळवून थुंकायची आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे दातांतलं खनिज टिकतं. यात तात्यांनी स्वतःची भर घातली होती: बोलायचंही नाही, वाऱ्याने औषध उडून जातं. येताना बारामतीत त्यांना लिंबूसरबताचा मोह आवरला नाही, मग दातांची धास्ती बसली, आणि त्यांनी थेट आमच्या कॉलनीच्या फाटकाशी चूळ भरली.

हे इतकं विचित्र होतं की खोटंच वाटत होतं. खोटं बोलणारा माणूस जरा बरं कारण शोधून आणतो, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी भडकले होते.

“बाटली दाखवा,” मी म्हणाले.

तात्यांनी निमूटपणे खिशातून बाटली काढून दिली. मी मागचा मजकूर मराठीत करून मोठ्याने वाचला. तीस मिनिटं काही खाऊ-पिऊ नये. तात्या शब्दाशब्दाला मान डोलावत होते.

“लिहिलंय की हो पप्पा!”

“लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी असतं, बाळा,” पप्पा हळूच म्हणाले.

ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही. बसा म्हटलं तरी बसेनात. पाहुण्यांसमोर तसेच उभे राहिले. चहा आला, त्यावर साय धरली. गप्प बसवेना म्हणून आत्याने तात्यांची चौकशी आरंभली आणि तात्या हातवाऱ्यांनी उत्तरं देऊ लागले. उसासाठी हात उंच केला, म्हशींसाठी डोक्याला शिंगं लावली, आणि म्हैस गाभण आहे हे सांगताना तर स्वतःचं पोटच पुढे काढलं. त्यांच्याकडे बघून मला हसू फुटत होतं आणि पप्पांकडे बघून रडू.

अखेर तात्यांच्या खिशात कोंबडा आरवला. मोबाइलचा गजर होता. तात्या ताडकन उठले, पप्पांच्या हातातल्या ट्रेमधला ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. मग दुसरा. मग सायीसकट गार चहा.

“लई कोरड पडली व्हती,” ते म्हणाले. “आन् तुमी उभं का, पाहुणं? बसा की. लग्नाचं बोलायचं हाय न्हवं?”

लग्नाचं बोलणं झालं. पोह्यांवर तात्यांनी लिंबाची फोड मागितली, आणि त्याच्या आईने डोळे वटारले तेव्हा परत ठेवली.

पाहुणे गेल्यावर पप्पा दिसेनात. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे होते, तात्यांचा रिकामा ग्लास हातात धरून. मी आत गेले तरी वळले नाहीत.

“पाणी प्याले गं ते,” म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.